‘ब्रेन मॅपिंग करून घेऊ का?’

पत्र (थोडं आटोपशीर केलेलं)

सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. माझा मुलगा १३ वर्षांचा, आठवीत शिकतो. सहावीपर्यंत त्याची काही तक्रार नव्हती. वर्गात बडबड करतो, एवढंच बाई सांगायच्या. गावच्या मराठी शाळेत तर तो पहिल्या-दुसऱ्या नंबरात असायचा. गेल्या वर्षापासून मात्र घरात रोज भांडण. काही सांगायला गेलं की उलटं बोलतो, दार आपटतो. एका रात्री मोबाईल मागितला म्हणून टीव्हीचा रिमोट भिंतीवर फोडला. मागच्या महिन्यात बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, एका मुलाला मारलं, त्याचा ओठ फुटला. शाळेने बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर बालरथ बंद. विज्ञान आणि सोशल सायन्सच्या तासाला बाकावर डोकं टेकून बसतो म्हणे. एक सर म्हणाले, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असेल, दाखवून घ्या. पण हाच मुलगा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी घुमट वाजवत म्हणायच्या आरतीच्या सरावाला दोन-दोन तास न हलता बसतो. मग एडीएचडी कसं?

ह्यांचा खाणीवर ट्रक होता, तो विकला. आता वेर्ण्याला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. ते म्हणतात, दोन थोबाडीत दिल्या की सरळ होईल. सासूबाई म्हणतात, देवाला गाराणं घालूया, नाहीतर घाडीला, म्हणजे देवऋषाला, विचारूया. चुलत दिरांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की अशा मुलांच्या मेंदूतली नेटवर्क नीट जोडली जात नाहीत. एका ठिकाणी ब्रेन मॅपिंग करून रंगीत रिपोर्ट देतात, त्यात दोष कुठे आहे ते दिसतं. पैसे बरेच सांगितलेत. करून घेऊ का? माझ्या मुलाच्या मेंदूत खरंच बिघाड आहे का?

मोठी मुलगी अकरावीत आहे. ती शांत. हल्ली तर आपल्या खोलीतच असते, जेवायलाही उशिरा एकटीच येते, मैत्रिणींकडेही जात नाही. देवाची कृपा, तिचा काही त्रास नाही.

— एक आई

उत्तर

ताई,

ब्रेन मॅपिंग करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगायला जरा वेळ लागणार आहे आणि तोवर तुमचे चुलत दीर अपॉइंटमेंट घेऊन बसतील.

त्या व्हिडिओतलं सगळंच खोटं नाही, अडचण तिथेच आहे. मेंदू नुसता पडून असतानाही गप्प नसतो. १९९५ मध्ये भरत बिस्वाल अमेरिकेत विस्कॉन्सिनला संशोधन करणारे विद्यार्थी होते. एमआरआयच्या यंत्रात माणूस काही न करता पडलेला असताना मेंदूत जे बारीक चढउतार दिसायचे, ती यंत्राची खरखर आहे असंच तोवर समजलं जायचं. बिस्वाल यांना दिसलं की डावा हात आणि उजवा हात हलवणारे मेंदूतले दोन भाग, हात जागचा हललेला नसतानाही, एकाच लयीत वर-खाली होतात. म्हणजे लांबलांबचे भाग आपसात बांधलेले असतात. अशा एकत्र चालणाऱ्या भागांना आता नेटवर्क म्हणतात. मुलांच्या वागण्याच्या दृष्टीने त्यातली तीन महत्त्वाची. एक आपण स्वतःच्या विचारात हरवतो तेव्हा जागं असतं. दुसरं समोरचं काम धरून ठेवतं, मोह आवरतं. तिसरं आजूबाजूच्या गोंधळातून आत्ता महत्त्वाचं काय ते हेरतं आणि पहिल्या दोघांची पाळी बदलतं. मोठ्या माणसात दुसरं कामाला लागलं की पहिलं बऱ्यापैकी मागे सरतं. लहान मुलात दोन्ही एकदम चालू राहतात.

तुमच्या मुलाच्याच आरती मंडळीत बघा. घुमट, शामेळ, कांसाळं वाजवणारे पहिल्या दिवशीही हजर असतात, हातही बरे चालतात. पण कुणी कधी थांबायचं आणि कुणी कधी उचलायचं, हे चवथ तोंडावर येईस्तोवर बसत नाही. मेंदूत ते बसायला वीसेक वर्षं लागतात. तुमचा मुलगा आत्ता सरावाच्या मध्यावर आहे.

या काळात मेंदू दोन कामं करत असतो. लहानपणी गरजेपेक्षा जास्त झालेल्या चेतासंधी, म्हणजे पेशीपेशींमधले सांधे, वापरात नसले तर काढून टाकतो. आणि लांबच्या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टण चढवतो, त्यामुळे संदेश कितीतरी पटींनी वेगाने जातो. कपाळामागचा भाग, जो ‘थांब’ म्हणतो, तो या दोन्ही कामांत सगळ्यात मागे असतो. विशी ओलांडली तरी तिथलं काम चालूच असतं. उलट बक्षीस, धोका, अपमान यांनी पटकन चेतणारे आतले भाग वयात येतानाच तापलेले असतात.

(‘पंचवीस वर्षांपर्यंत मेंदू कच्चा’ असं हल्ली जो तो म्हणतो, ते मला फारसं पटत नाही. पंचविसाव्या वाढदिवसाला काही घडत नाही. शांतपणे विचार करायला वेळ दिला तर सोळा वर्षांची मुलं मोठ्यांइतकाच बरा निर्णय घेतात, आणि पन्नाशीचे काका पार्किंगवरून हातघाईवर येतात ते आपण रोज बघतो.)

पोरांच्या बाबतीत फरक पडतो तो डोकं तापलेलं असताना, आणि मित्र बघत असताना. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी तीन वयोगटांतल्या लोकांना संगणकावर गाडी चालवायला दिली. सिग्नल पिवळा झाल्यावर जेवढं पुढे जाल तेवढे गुण, पण भिंतीवर आदळलात तर सगळे गेले. एकटं खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांच्यात फार फरक नव्हता. ओळखीचे दोन मित्र बाजूला बसवले की मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोवीस वर्षांवरच्यांवर मित्रांचा जवळजवळ परिणाम झाला नाही. आता तुमच्या मुलाने मारामारी कुठे केली? घरी नाही, आरतीच्या खोलीत नाही. बालरथात, सगळी पोरं बघत असताना. त्या मुलाने आधी काय म्हटलं होतं, हे त्याला कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात त्याची बाजू कुठेच नाही. शाळेचं म्हणणं आहे, सरांचं, बाबांचं, आजीचं, दिरांचं सगळ्यांचं आहे.

तर व्हिडिओ चुकतो कुठे? शेकडो मुलांच्या सरासरीवरून एका मुलाबद्दल बोलतो, तिथे. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांचे एमआरआय तपासले. मेंदूचं बाह्यपटल सर्वांत जाड होण्याचं वय नसलेल्या मुलांत साधारण साडेसात निघालं, असलेल्यांत साडेदहा. वाढीचा क्रम साधारण तोच, फक्त तीन वर्षं उशिरा. फार दिलासा देणारा निष्कर्ष आहे तो, मी पालकांना नेहमी सांगते. पण तो गटाचा आहे. दोन्ही गटांतली कितीतरी मुलं एकमेकांत मिसळलेली असतात. एकच स्कॅन हातात देऊन ‘हे मूल कुठल्या गटातलं?’ विचारलं तर त्यावरून निदान करता येत नाही.

वागणुकीच्या तक्रारी आणि मेंदूतली नेटवर्क यांचं नातं तर याहून पुसट आहे. अमेरिकेत एबीसीडी नावाचा मोठा अभ्यास चालू आहे: नऊ-दहा वर्षांची ११ हजारांहून जास्त मुलं घेतली, आणि वर्षानुवर्षं त्यांचे स्कॅन आणि वागणं दोन्ही नोंदवत आहेत. ती आणि अशीच इतर माहिती वापरून स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की असं नातं भरवशाने दिसायला हजारो माणसं लागतात. तोवरच्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासांत साधारण पंचवीसेक माणसं असायची! आपल्याकडेही बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने सात ठिकाणी ६ ते २३ वयाच्या हजारो मुलांचा असाच अभ्यास हाती घेतला गेला, ‘सीवेडा’ नावाचा. संशोधकांना एवढी मुलं लागतात, आणि व्हिडिओवाल्याला तुमचा एकच मुलगा पुरतो.

आणखी एक गोष्ट, ती आठवली की मला हसू येतं. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यंत्रात डोकं मिलिमीटरच्या अंशाएवढं हललं तरी मेंदूतले जवळचे भाग जास्त जोडलेले आणि लांबचे कमी जोडलेले भासतात. आणि लहान मुलांचा मेंदू नेमका असाच असतो, असं त्याआधी छापून आलं होतं, त्यातलं काही यांच्याच प्रयोगशाळेतून. म्हणजे त्या निष्कर्षाचा एक हिस्सा मेंदूचा नव्हता, चुळबुळीचा होता. आता सांगा, यंत्रात सगळ्यात जास्त चुळबुळ कोणतं मूल करणार?

तुम्हाला सांगितलेलं ब्रेन मॅपिंग तर बहुधा एमआरआयसुद्धा नसावं. डोक्याला तारा लावून काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, आणि संगणकाने भरलेले रंग असतात ते. लाल म्हणजे कुठल्यातरी सरासरीपेक्षा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. जबडा आवळला, डोळे मिचकावले, आदल्या रात्री झोप झाली नाही, तरी आकडे हलतात. ईईजी किंवा एमआरआय खरोखर लागतो तो वेगळ्या कारणांसाठी: फिट येणं, बोलता-बोलता काही सेकंद शून्यात बघणं आणि नंतर त्यातलं काही न आठवणं, डोक्याला मार, येत असलेली गोष्ट येईनाशी होणं, सकाळी डोकं दुखून उलटी होणं. असं काही असेल तर थेट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा, तिथे डॉक्टर सांगतील ती तपासणी करा.

आता सरांचा एडीएचडी. त्यांनी दाखवून घ्या म्हटलं, यात वावगं काही नाही. पण एडीएचडी हे आठवीत अचानक उगवत नाही. खुणा बारा वर्षांच्या आधीपासून असाव्या लागतात, किमान दोन ठिकाणी दिसाव्या लागतात, म्हणजे घरीही आणि शाळेतही, आणि सहा महिने तरी टिकाव्या लागतात. निदान होतं ते हे सगळं विचारून आणि मुलाला बघून. तुमचा घुमटाचा मुद्दा मात्र उपयोगी नाही: एडीएचडी असलेलं मूलही आवडीच्या गोष्टीत तासन्‌तास बुडून जातं. सहावीपर्यंतची वर्षं नीट गेली हे जास्त महत्त्वाचं. तरी ‘बडबड करतो’ हे डॉक्टरांना जरूर सांगा. हुशार मुलाचं लहान शाळेत निभून जातं आणि अभ्यास वाढला की उघड होतं, असंही असतं.

मला स्वतःला आधी शंका येते ती दुसरीच. तुमचा मुलगा चौथीपर्यंत मराठीतून शिकला. पाचवीपासून, आपल्याकडच्या बहुतेक मुलांसारखा, इंग्रजीतून शिकतो. पाचवी-सहावीत पाठांतरावर निभतं. सातवी-आठवीत विज्ञान आणि इतिहास-भूगोलाची वाक्यं लांबतात, उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात. आणि त्याचं डोकं बाकावर टेकतं ते नेमकं कुठल्या तासांना? गणिताचं नाव तुमच्या पत्रात नाही. एकदा घरी, राग-बिग काही नसताना, विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि मग म्हणा, ‘यात काय सांगितलंय ते मला मराठीत सांग, मला कळत नाही.’ अडखळत वाचतो का, ओळ सुटते का, नीट वाचतो पण अर्थ सांगता येत नाही का, हे बघा. नापास होणाऱ्यापेक्षा मस्ती करणारा म्हटलेलं मुलांना परवडतं. पहिल्या नंबरात राहिलेल्या मुलाला तर फारच. डोळे आणि कान तपासले नसतील तर तेही तपासून घ्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला उद्धट ठरवलेलं मी पाहिलंय. आणि बालरथात त्याला कुणी चिडवतं का, पैसे मागतं का, ते त्याच्या एखाद्या मित्राकडून काढा.

घरातल्या भांडणाकडे येते. रोज रात्री काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक घरांत ते असं असतं. साडेदहा वाजलेत. तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणता, ‘मोबाईल ठेव.’ उत्तर नाही. पाच मिनिटांनी पुन्हा, आवाज चढवून. ‘पाच मिनिटं गो आई.’ तिसऱ्यांदा तुम्ही हात पुढे करून उभ्या राहता, तो ओरडतो, आतून सासूबाई म्हणतात, ‘रडवू नको गो पोराला आता.’ तुम्ही दिवसभर दमलेल्या, ‘कर काय ते’ म्हणून निघून जाता. तो शिकला: जोरात ओरडलं की पुढे आलेला हात मागे जातो. दुसऱ्या रात्री तुम्ही सुरुवातच ओरडून करता, आणि तो मोबाईल देऊन टाकतो. तुम्ही शिकलात: ओरडल्याशिवाय काम होत नाही. अमेरिकेत ओरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत माणसं बसवून अशा भांडणांची क्षणाक्षणाची नोंद ठेवली होती. त्यांना हेच चक्र दिसलं. दोघंही एकमेकांना वरच्या पट्टीत न्यायला शिकवतात, आणि दोघांनाही वाटतं सुरुवात समोरच्याने केली.

हे मोडायचं तर भांडणाच्या वेळी मोडता येत नाही. तापलेल्या डोक्याला भाषण ऐकू जात नाही, त्याच्याही आणि तुमच्याही. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांना बसवून एकच नियम करा: साडेनऊला घरातले सगळे मोबाईल हॉलमधल्या चार्जरवर. सगळे म्हणजे तुमचाही, आणि घरी असतील तेव्हा बाबांचाही. नऊ वीसला एकदा आठवण करायची, दुसऱ्यांदा नाही. ठेवला तर ‘वेळेवर ठेवलास’ एवढं म्हणायचं. तेवढं म्हणायचं मात्र न विसरता. नाही ठेवला तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास कमी, आणि त्यावर चर्चा नाही. ‘महिनाभर मोबाईल बंद’ असल्या घोषणा करू नका, तिसऱ्या दिवशी तुम्हीच तो परत द्याल. पहिले काही दिवस तो आधीपेक्षा जास्त आरडाओरडा करील. इतके दिवस चालणारं हत्यार चालेना म्हणून तो ते जोरात चालवून बघणार. त्या दिवसांत माघार घेतलीत तर मात्र सगळं पाण्यात. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, त्यांना विश्वासात घेऊन. रिमोटचे पैसे त्याने फेडायचे, खाऊच्या पैशांतून किंवा घरातलं एखादं काम करून. थोडे-थोडे, पण पूर्ण.

मोबाईलचा नियम साडेनऊचा सांगितला तो झोपेसाठी. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप आणणारं मेलॅटोनिन उशिरा वाढायला लागतं. म्हणजे उशिरापर्यंत जागं राहण्यात सगळाच त्याचा दोष नाही. पण सकाळचा बालरथ काही पुढे सरकत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सहा तास झोपलेल्या मुलाचा राग तपासून त्याच्या स्वभावाचं निदान करण्यात अर्थ नाही.

मिस्टरांना एवढंच विचारा: मारल्याने माणूस सरळ होतो हेच त्याने बालरथात करून दाखवलं, मग त्याला शिक्षा कशाची? शाळेत मुलांना मारायला आपल्या राज्यात २००३ च्या गोवा बाल कायद्याने बंदी आहे. घरातल्या थोबाडीत देण्याने राग आणि मारामारी वाढते, कमी होत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण त्यांच्यावर तुटूनही पडू नका. स्वतःचा ट्रक असलेल्या माणसाला खाणी बंद झाल्यावर शिफ्टमध्ये कार्ड पंच करावं लागतं, त्याचं काय होतं ते या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मुलालाही ते दिसत असतं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी मुलाला मागे बसवून कुठेतरी कामाला न्यावं, घुमटाचं चामडं बघायला म्हणा, बाजारात म्हणा. समोर बसून ‘बोल’ म्हटलं की पोरगे बोलत नाहीत. स्कूटरवर, पाठीमागून, एकमेकांची तोंडं दिसत नसताना बरंच बोलतात.

सासूबाईंना गाराणं घालू द्या. देवळात मुलाच्या नावाने नारळ ठेवला, त्यांच्या मनाला बरं वाटलं, मुलालाही कळलं की आजी आपल्यासाठी काही मागतेय. घाडीकडे मात्र नको. तिथे त्याला ‘तुझ्यात काहीतरी आहे’ असं सांगितलं जाईल. ब्रेन मॅपिंगवाला रंगात तेच सांगणार आहे.

आपल्या गोव्यातलाच एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, ‘संगाथ’ संस्थेच्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा. १२ ते १६ वयाच्या दोन हजारांहून अधिक मुलांना भेटून केलेला. ज्याला मानसिक आजार म्हणता येईल असं काही असलेली मुलं दोन टक्क्यांहूनही कमी निघाली. अभ्यास जड जाणं, मारहाण किंवा टाकून बोलणं सोसावं लागणं, तंबाखू, हे जिथे होतं तिथे प्रमाण जास्त. अडचणीत पहिला आधार घरच्यांचा वाटणाऱ्या मुलांत कमी. तंबाखूवरून आठवलं: गुटखा, सिगरेट, व्हेप यांची चौकशी करा, आरडाओरडा न करता.

दाखवायचं कुठे? शाळेत समुपदेशक येत असतील तर सुरुवात तिथून. नाहीतर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात विचारा किंवा बांबोळीला आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाच्या, ओपीडीत जा. ‘बांबोळीला नेलं’ याचा आपल्याकडे लोक काय अर्थ काढतात ते मला माहीत आहे, काढू द्या. जाताना पाचवीपासूनची प्रगतिपुस्तकं न्या, आणि एका वहीत दोन आठवड्यांच्या नोंदी: कधी भडकला, आधी काय झालं होतं, कोण होतं, रात्री किती झोपला होता. रंगीत रिपोर्टपेक्षा डॉक्टर ही वही जास्त वेळ वाचतील. मात्र चाकू-सुरी उगारणं, आग लावणं, मुक्या जनावरांना छळणं, घरातून निघून जाणं, मरणाची भाषा, यांतलं काही दिसलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा.

आणि आता तुमची मुलगी. पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ते तिच्या चार ओळींवर. वागणुकीच्या तक्रारी दोन तऱ्हांच्या असतात. एक बाहेर पडणाऱ्या: मारणं, फोडणं, उलट बोलणं. त्यांचा दुसऱ्यांना त्रास होतो, म्हणून शाळेतून बोलावणं येतं. दुसऱ्या आत जाणाऱ्या: उदासी, भीती, सगळ्यांतून अंग काढून घेणं. त्यांचा त्रास फक्त त्या मुलालाच होतो, म्हणून बोलावणं कुणाकडूनच येत नाही. वयात आल्यावर मुलींमध्ये उदासीचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. ती अभ्यासात असेल, अकरावीचं वर्ष आहे, भावाच्या आरडाओरड्याला कंटाळली असेल, असंही असू शकतं. पण जेवायला एकटी येणं, मैत्रिणी सुटणं आणि हे ‘हल्ली’ सुरू होणं, ही तीन एकत्र आली की मी थांबत नाही. तिच्याकडे जा, दार लावून घ्या, मुलाचा विषय काढू नका. झोप लागते का, जेवणात मन आहे का, शाळेत कुणी काही बोललं का, मोबाईलवर कुणी काही पाठवतं का, हे विचारा. आणि ‘जगणं नकोसं वाटतं का कधी?’ हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मुलांना हलकं वाटतं. ‘हो’ म्हणाली तर ओरडू नका, रडू आलं तरी आवरा, तिला एकटी सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मग तिला घेऊन बांबोळीला जा.

‘नाही’ म्हणाली तरी बांबोळीला किंवा म्हापशाला जाल तेव्हा केसपेपर दोघांचे काढा. मुलाचा मोबाईलचा नियम रविवारपर्यंत थांबू शकतो. मुलीला मात्र आज रात्रीच विचारा.